साडेबाराचा नैवेद्य

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आई गेली. मी तिच्याजवळ बसलो होतो. माझी मुलगी सई आतल्या खोलीत झोपली होती. ती आदल्या संध्याकाळी बंगळूरहून आली होती. पत्नी नोकरीच्या गावी, साताऱ्याला होती. मी तिला फोन केला, मग डॉक्टरांना, मग आईच्या देखभालीला बाई पाठवणाऱ्या ब्यूरोला. ब्यूरोला सांगितलं की आजपासून बाई पाठवू नका.

त्या दिवशी दुपारी जे घडलं त्याला अनुभव म्हणावं की नाही, याचा विचार मी बरेच महिने करत होतो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. ज्यांना अनुभव येतात त्यांची पुस्तकं मी पंचवीस वर्षं कपाटांत लावत आलो आहे, आणि त्यांतली बरीच वाचलीही आहेत. वाचताना मला नेहमी वाटायचं की लिहिणारा माणूस चांगला आहे, पण त्याला जे दिसलं ते मला दिसणार नाही. अजूनही तसंच वाटतं. मला काही दिसलं नाही. घडलं एवढंच, की जे माझ्या हातून सुटलं असं मी समजत होतो, ते सुटलेलं नव्हतं.

आईचं माहेर शनिवार पेठेत. लग्न होऊन ती खडकीला आली. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. माहेराहून तिने अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आणले. बाळकृष्ण पितळेचा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा धरलेला, माझ्या अंगठ्याएवढा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला दुपारी साडेबारा वाजता नैवेद्य दाखवायला सुरुवात केली. साडेबाराच का, तर कारखान्याचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा साडेबाराला व्हायचा. ती म्हणायची, "सगळी खडकी जेवते, तर याने काय पाप केलंय?" सकाळच्या सत्रातल्या शाळेत ती गणित शिकवत असे. बारा वाजता शाळा सुटली की ती झपाझप चालत घरी येई, हातपाय धुऊन सोवळं नेसे, आणि भोंग्याबरोबर आमच्या घरातली घंटी वाजे. पुढे आम्ही कोथरूडला आलो. तिथे भोंगा नव्हता. मग तिने स्वयंपाकघरात घड्याळ लावलं आणि ते कारखान्याच्या वेळेवर आहे ना, हे पहिले काही दिवस खडकीच्या जुन्या शेजारणीला फोन करून विचारून घेतलं.

तिचं सोवळं कडक होतं. पण नेमाबद्दल तिची समजूत वेगळी होती, ती मला फार उशिरा कळली. महिन्यातले चार दिवस ती देवाला शिवत नसे. तेव्हा वडील नैवेद्य दाखवत. त्यांची कारखान्यात दिवसपाळी असली की शेजारच्या क्वार्टरमधल्या तमिळ बाई येत. वडील गेले तेव्हा आम्हाला दहा दिवसांचं सुतक होतं. सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, म्हणून ते दहा दिवस त्याच बाई आल्या. त्यांना आमच्या पद्धती माहीत नव्हत्या. त्यांनी दहाही दिवस दहीभात दाखवला. अकराव्या दिवशी, नवरा गेलेली माझी आई त्यांना म्हणाली, "बरं झालं हो. त्यालाही हवापालट झाला." एक्कावन्न वर्षांत तो नेम मोडला नाही, असं आम्ही सगळे म्हणत असू. तो तिचा नेम आहे असंही म्हणत असू.

सई या नैवेद्यावर वाढली. तिची बालवाडी बाराला सुटायची. आजी नैवेद्य दाखवून, डोळे मिटून बसली की सई शेजारी मांडी घालून वाट पाहायची, आणि मग वाटीतलं साखर घातलेलं दूध तिला मिळायचं. साडेचार-पाच वर्षांची असताना तिने एकदा वाटीला आतून स्केचपेनने खूण केली, देव किती पितो ते बघायला. दूध तेवढंच राहिलं. ती आजीला म्हणाली, "आजी, हा काहीच पीत नाही." आई म्हणाली, "मग तुझ्या वाट्याला जास्त आलं. तक्रार कसली?" सईला ते पटलं. मला ते उत्तर गणिताच्या शिक्षिकेला शोभणारं वाटलं, त्यापलीकडे काही नाही.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, त्याला शेवटी सात महिने झाले होते. हॉलमध्ये तिची खाट लावली. ब्यूरोकडून शालन नावाची बाई येऊ लागली, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, रविवारी सुट्टी. शालन पौडच्या पलीकडच्या एका गावची, चाळिशीची, हाताने भक्कम. पहिल्याच दिवशी आईने तिला सांगितलं की स्वयंपाकघरात यायला हरकत नाही, पण देवघराच्या बाजूला फिरकायचं नाही. शालन म्हणाली, "बरं हाय." मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं, पण मी काही बोललो नाही. आईशी वाद घालायचा माझा स्वभाव नव्हता. तिच्याशी खोटं बोलायचा होता, हे पुढे दिसलं.

नैवेद्याचं काम माझ्याकडे आलं. आईने स्वतःच वेळ बदलून दिली. "साडेबाराला तू नसतोस. निघताना दाखव. नोकरी करणारी माणसं त्यालाही माहीत आहेत," ती म्हणाली. पहिला महिनाभर मी पावणेनऊला दूध ठेवलं. मग एकदा बस चुकेल म्हणून राहून गेलं. संध्याकाळी आईने विचारलं, "नैवेद्य?" मी म्हणालो, "दाखवला." तिला त्रास नको, एवढाच विचार मी केला होता, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही. हळूहळू असं झालं की मी रविवारी दूध ठेवायचो, आणि बाकीचे सहा दिवस संध्याकाळी फक्त "दाखवला" म्हणायचो. आई मान हलवायची. ती आयुष्यभर उलटून विचारणारी बाई होती. दूधवाल्याला, डॉक्टरांना, मला, सगळ्यांना ती उलटून विचारत असे. याबाबतीत तिने कधी विचारलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शेवटच्या दोन महिन्यांत तिचं खाणं सुटलं. शालन एका वहीत दिवसभराचं लिहून ठेवायची. औषधं, ताप, लघवी, आणि काय खाल्लं ते. मी रोज संध्याकाळी ती वही बघायचो. भात दोन घास. चहा अर्धा कप. दूध एक वाटी. पुढे पुढे घास गळत गेले, चहाही गेला. डॉक्टर म्हणाले, "या वयात माणसं अन्न सोडतात तेव्हा फार दिवस काढत नाहीत. पण आजी तग धरून आहेत."

जाण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, आई मला म्हणाली, "मी गेले की दहा दिवस तुम्हाला देवाला शिवता यायचं नाही. कोणाला तरी सांगून ठेव. त्याला उपाशी ठेवू नकोस."

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नकोस, कर."

मी केलं नाही. त्या दोन दिवसांत मला वाटत होतं की सांगून ठेवणं म्हणजे ती जाणार हे मान्य करणं. हे कारण आहे की सबब, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंगळवारी पत्नी साडेनऊपर्यंत पोचली. अकराच्या आत सगळं आटोपलं. स्मशानातून परत येऊन आंघोळी झाल्या. हॉलमधली खाट बाजूला केली होती आणि तिच्या जागी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवला होता. सई त्याच्याजवळ बसून होती. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर देवघर.

मला त्या वेळी रडू आलं नाही, भीती वाटली. सहा महिने मी तिला फसवत होतो आणि आता ती विचारणार नव्हती. तिचा नेम मी केव्हाच मोडला होता. पण ते फक्त मला ठाऊक होतं. आज मोडला तर तो उघड्यावर मोडणार होता, ती गेली त्याच दिवशी, वीस मिनिटांनी. माझं म्हणणं तर्काला धरून नव्हतं. तरी मी चपला घालून शेजारी साठेकाकूंकडे गेलो. त्या दारातच म्हणाल्या, "अहो, मी लगेच आले असते. पण आम्हाला सोयर आहे. परवा अमेरिकेत नातू झाला."

जन्माचंही दहा दिवस पाळतात, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "अमेरिकेतलं सोयर इथपर्यंत लागतं?"

"तेच विचारलंय गुरुजींना. ते म्हणाले, पेढे इथपर्यंत आले का? मग सोयरही आलं." हे म्हणून झाल्यावर, आज कोणता दिवस आहे ते आठवून, त्यांनी माझा हात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

घरी येऊन मी गुरुजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "देव्हाऱ्याला पडदा लावा. अकराव्या दिवशी काढा. देव कुठे पळून जात नाहीत." मी म्हणालो, "आईने सांगितलं होतं." ते म्हणाले, "मग बाहेरचं कोणीतरी बघा. मला एवढ्यात येता येणार नाही, मी खडकवासल्याला आहे." बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. माझ्या ओळखीची माणसं किती, आणि त्यांतली कोणाला हे सांगता येईल, याचा विचार करत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. एकही नाव पुढे आलं नाही. मग मी विचार करणं सोडलं. प्रार्थना केली असं म्हणता येणार नाही. एवढंच म्हणालो, की हे माझ्याच्याने होत नाही. कोणाला म्हणालो ते माहीत नाही.

बेल वाजली. सईने दार उघडलं. शालन होती. घामेजलेली, पिशवी काखेत.

मी म्हणालो, "ब्यूरोने कळवलं नाही का तुम्हाला? आई..."

"कळलं की. सकाळीच कळलं." तिने दिव्यापाशी जाऊन खाली वाकून नमस्कार केला. मग उठली. "मला आजच दुसरीकडं लावलं, मागच्या गल्लीत. त्यांना म्हनलं, अर्ध्या तासात येते. हातपाय धुते हां."

ती मोरीतून आली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. मी आणि सई दारातून पाहत होतो. तिने फ्रिजमधून दूध काढलं, कोमट केलं, देवघराखालच्या खणातून वाटी घेतली. खण कोणता, हे तिने विचारलं नाही. देवासमोर पाण्याने बोट फिरवून चौकोन काढला, त्यावर वाटी ठेवली. कुंडीतलं तुळशीचं पान तिने येतानाच तोडून आणलं होतं, ते दुधात टाकलं. पाणी फिरवलं, घंटी वाजवली. घड्याळाकडे तिने एकदाच पाहिलं होतं. बाळकृष्णासमोर ती हात जोडून थोडा वेळ बसली आणि उठली.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"आजींनी. कोन शिकवनार?"

मग तिने सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत लिहितो. "दुसऱ्या म्हयन्यात एक दिवस साडेबाराला मला म्हनल्या, शालन, तू आंघुळ करून येतीस का गं? म्हनलं, आजी, रोज करते. मग म्हनल्या, जा, दूध तापव. मी म्हनलं, आजी, तुमचं सोवळं? तर म्हनल्या, तो उपाशी हाय आन तू सोवळं इचारतीस व्हय? मग खाटंवरनं सांगत गेल्या. चौकोन काढ. तिरका काढू नकोस, सरळ काढ, मी गनिताची बाई हाय. घंटी ऐकू आली की हात जोडायच्या. तवापासनं रोज."

मी खाली बसलो. म्हणालो, "शालनबाई, मी तिला रोज सांगत होतो की मी दाखवला म्हणून."

"त्यांना ठावं व्हतं."

"काय म्हणाली ती?"

शालन हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, कारण घर सुतकातलं होतं. "म्हनायच्या, माझं पोरगं लई वाचतं, पन खोटं बोलाया शिकलं न्हाई. बोलताना माझ्याकडं बघत न्हाई, पंख्याकडं बघतंय. मी म्हनलं, सांगू का दादांना, की मी करते म्हनून? तर म्हनल्या, नको. त्याला वाईट वाटंल. दमून येतं."

पत्नी मागे येऊन उभी होती. शालनने वाटी उचलली आणि सईच्या हातात दिली. सई म्हणाली, "मी पिऊ? आत्ता?" शालन म्हणाली, "मग कोन पिनार? आजी पीत हुत्या रोज. दुसरं काय बी नको म्हनायच्या, पन ह्याला न्हाई म्हनल्या न्हाईत. नैवेद्य टाकायचा नसतो, म्हनायच्या." सईने उभ्याउभ्या दूध प्यायलं. ती सकाळपासून रडली नव्हती. वाटी रिकामी झाल्यावर रडली, आणि शालनने तिला धरून ठेवलं.

संध्याकाळी मी वही काढली. दुसऱ्या महिन्यापासून रविवार सोडून प्रत्येक पानावर, कधी पेनने कधी पेन्सिलीने, तेच होतं. साडेबारा, दूध एक वाटी. मी ही पानं रोज वाचली होती. डॉक्टरांनीही वाचली होती.

शालन पुढचे नऊ दिवस आली. रोज साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असताना बेल वाजायची. तिला यायला मी सांगितलं नव्हतं. आईने सांगून ठेवलं होतं, मी विसरेन हे धरून. नव्या घरी तिला त्यासाठी बोलणी खावी लागत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तिथली सून म्हनली, रोज कुठं पळती? म्हनलं, देवाला जेवू घालाया. ती म्हनली, आधी आमच्या सासूबाईंना घाल." मी त्या घरी जाऊन बोलू का, असं विचारलं. ती म्हणाली, "नगं. मी घातलं की त्यांना आधी. मगच आले."

त्या नऊ दिवसांत साडेबाराच्या सुमारास माझं मन निवांत व्हायचं. मला त्या वेळी काही करायचं नसायचं. करण्याची परवानगीच नव्हती. मी दारात बसून बघायचो. दुसऱ्याच्या हाताने आपल्या घरचा देव जेवतो आहे, हे बघताना मला कळलं की आईने एक्कावन्न वर्षं काय सांभाळलं होतं. ते तिने कधी एकटीने सांभाळलं नव्हतं, आणि एकटीने सांभाळायचा हट्टही धरला नव्हता. जेव्हा हात पुरला नाही तेव्हा तिने दुसरा हात मागितला. वडिलांचा, तमिळ शेजारणीचा, शेवटी जिला देवघरापासून लांब राहा म्हणाली होती तिचा. आणि माझा हात खोटा आहे हे कळल्यावरही तिने तो झिडकारला नाही. मी मात्र समजत होतो की सगळं माझ्यावर अवलंबून आहे, म्हणून मोडलंही माझ्यामुळेच. माझी ती टोचणी म्हणजे शरणागती नव्हती, आणि खरं म्हणजे पश्चात्तापही नव्हता. त्यात बराचसा अहंकार होता. शरण जाणं म्हणजे काय हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. आपल्या घरी बेल वाजते तेव्हा दार उघडावं, इतकं ते साधं असेल असं वाटलं नव्हतं.

मंगळवारी बारा वाजून बावीस मिनिटांनी शालन आली ती माझ्या त्या एका वाक्यामुळे, असं मी म्हणत नाही. ती आईच्या सांगण्यावरून निघाली होती आणि मी बोललो तेव्हा आमच्या जिन्यात होती. दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

अकराव्या दिवशी घर शुद्ध झालं. गुरुजी म्हणाले, आता तुम्ही करा. शालन त्या दिवशीही आली होती. मी देवासमोर बसलो आणि माझ्या ध्यानात आलं की पाण्याचा चौकोन मी स्वतः कधी काढलाच नव्हता. पहिला महिनाभर मी नुसतीच वाटी ठेवत होतो. शालनने माझ्याशेजारी बसून बोटाने दाखवलं. मी काढला. ती म्हणाली, "तिरका झाला." मी पुसून पुन्हा काढला.

सई बंगळूरला परत गेली. पत्नी शनिवारी येते. शालन दुसऱ्या घरी कामाला आहे; तिचा फोन येतो, मीही करतो. आईची खाट भाड्याची होती, ती परत केली. मी सकाळी पावणेनऊला दूध ठेवतो. एखाद्या दिवशी राहतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी बाळकृष्णासमोर उभा राहून राहिलं म्हणून सांगतो, आणि मग दूध ठेवतो. आई नाही. तिच्या नेमाचं हे बावन्नावं वर्ष आहे.